कमानीचे पाय

६ जून २०२५. टीव्हीवर जम्मू-काश्मीरमधला, चिनाब नदीवरचा रेल्वेचा नवा कमानीचा पूल दाखवत होते आणि घरातला प्रत्येकजण आपापल्या परीनं थक्क होत होता. मुलगा म्हणाला, आयफेल टॉवरपेक्षा पस्तीस मीटर उंच. बायको म्हणाली, त्या गाडीत मी खिडकीशी बसणार नाही. आत्या लसूण सोलता सोलता थांबली, पडद्याकडे टक लावून बघत राहिली आणि मला म्हणाली, "आन् भुई हालली म्हंजे रं?"

तीस वर्षं पुलांची गणितं करून मी पोट भरलं. घरात हा प्रश्न तिनं एकटीनं विचारला, आणि मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही.

तिला तो सुचायला कारण आहे. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती आणि मी सहा महिन्यांचा, तिच्याच कुशीत गोधडीत. घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद. तिनं मला गोधडीसकट उचललं आणि उंबरा ओलांडला. पाठीमागे आढं खाली आलं. याहून जास्त ती कधी सांगत नाही. फार खोदून विचारलं तर म्हणते, आवाज आधी आला, जमिनीखाली शंभर जाती फिरावीत तसा. त्या पहाटे कोयना खोऱ्यात सुमारे १८० माणसं गेली. आमच्या गावानं तो सगळा हिवाळा खळ्यावर, उघड्यावर काढला.

गावाच्या शिवेवर ओढ्याची मोरी होती. दगडी, अर्धगोल कमानीची, दहा-बारा फुटांचा एकच गाळा. गावातली निम्मी घरं बसली, मोरी उभी राहिली. एका बाजूची वरची भिंत तेवढी ओढ्यात गेली. लोक म्हणायचे, मोरीखाली देवाचा हात आहे. मी शाळेत जायला लागलो तेव्हा आत्या मला तिच्यावरून न्यायची आणि जाताना कठड्याच्या उरलेल्या दगडावर हात टेकवायची, देवळाच्या पायरीला टेकवावा तसा. मी आयुष्यात पाहिलेली पहिली कमान ती. कमान टिकली आणि भिंत पडली, हे असं का, ते मला कळायला पुढे अभियांत्रिकीची चार वर्षं लागली. खरं सांगायचं तर चारही पुरली नाहीत.

आत्याला सांगताना मी एसटीतल्या हाराचा दाखला दिला. दसऱ्याला ड्रायव्हर समोरच्या काचेवर झेंडूचा हार बांधतो. गाडी उभी असते तेव्हा तो दोन टोकांना धरून मधे छान झोळ देऊन लटकतो. त्या हारात फक्त ताण असतो. आता मनातल्या मनात तो झोळ उलटा कर, खालचं वर. झाली कमान, आणि तिच्यात फक्त दाब. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज गृहस्थानं १६७५ मध्ये हे ओळखलं, आणि कुणी चोरू नये म्हणून लॅटिन अक्षरांची उलथापालथ करून छापलं. (शोध जाहीर करायचा, पण कुणाला कळू द्यायचा नाही. असे लोक आमच्या धंद्यात अजून भेटतात.) दगडाला दाब सोसतो, ताण अजिबात सोसत नाही. म्हणून दगडी कमानीचं सगळं कसब एवढंच, की तो उलटा हार, म्हणजे दाबाची रेषा, दगडाच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे.

आता ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. हार पुढे झुकतो. हाराच्या दृष्टीनं 'खाली' ही दिशाच बदलली. भूकंप कमानीला हेच करतो. जमीन गुरुत्वाकर्षणाच्या तीस टक्के जोरानं आडवी हिसकली, तर कमानीपुरतं 'खाली' सुमारे १७ अंशांनी तिरकं होतं. तिरका झालेला हार अजूनही दगडांच्या आतच राहिला तर कमानीला काही होत नाही. रेषा काठाला टेकली, की तिथली दर्ज, म्हणजे दोन दगडांमधली फट, उघडते आणि तो सांधा बिजागरीसारखा फिरू लागतो. अशा तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान उभी असते. चौथी झाली की ती कमान राहत नाही, कोसळायला मोकळा झालेला सांगाडा होतो.

पण भूकंप म्हणजे एकच लांब ब्रेक नव्हे. इकडे हिसका, अर्धा सेकंद व्हायच्या आत तिकडे हिसका. उघडलेली दर्ज पुरती फाकण्याआधीच उलटा हिसका येऊन ती मिटवतो. जाड, बुटकी, दोन्ही अंगांनी मातीत रुतलेली कमान अशा वेळी कुरकुरते, मान हलवते आणि परत आपल्या जागी बसते. आमच्या मोरीखाली देवाचा हात होता तो हा. बाजूच्या भिंतीला मात्र असं कुणी धरलेलं नसतं. मागून भरावाची माती ढकलते, पुढे ओढा मोकळाच. ती गेली.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "घाटात त्यो हार आडवा बी जातो की."

मी गप्प झालो. कारण चिनाबसारख्या पुलाची खरी डोकेदुखी तिनं बोट ठेवली तिथेच आहे. मोरी रुंद असते, तिला आडवा हेलकावा फारसा जाणवत नाही. पण ४६७ मीटरचा गाळा, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंची, आणि वर फक्त रुळांपुरती रुंदी. असा पूल बाजूनं बघा, भक्कम दिसतो; समोरून बघा, उभी केलेली शिडी वाटते. तिला आडवं हलवलं की एका अंगाच्या पायावर दाब वाढतो आणि दुसऱ्या अंगाचा पाय उचलला जाऊ पाहतो. म्हणून उंच कमानी बांधणारे तालमीतल्या पैलवानाचा पवित्रा घेतात, वर अंग चोरायचं आणि खाली पाय फाकवायचे. त्यातच दोन्ही काठांच्या पायांना धक्का एकाच क्षणी बसत नाही. लाट आधी एका डोंगराला गाठते, सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यानंतर दुसऱ्याला. दोघं मिळून सतरंजी झटकताना एकाचा हात आधी आणि दुसऱ्याचा मागून हलला की मधे जी नागमोडी उठते, ती पोलादात उठते. कमानीला तशीही नागमोडीच आवडते. डावी बाजू वर तर उजवी खाली, हा तिचा लाडका हेलकावा.

पोलादी किंवा काँक्रीटच्या मोठ्या कमानीत आणखी एक पेच असतो. मला तो सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून थोडं थांबतो. इमारतीचं आम्ही उघडपणे असं ठरवतो, की मोठा भूकंप आला तर तुळया वाकू देत, खांब वाकता कामा नयेत. म्हणजे कुठे मोडायचं हे आपणच आधी ठरवायचं, घरातल्या फ्यूजसारखं. छोट्या भूकंपात काहीच बिघडू नये, शतकानुशतकांतून एखाद्या वेळी येणाऱ्यात बिघडलं तरी पडू नये, असा हिशेब. पण कमानीत फ्यूज बसवायचा कुठे? तिचं बळ तिच्या आकारात आहे. प्रचंड दाबाखाली असलेली कमान जराशी कायमची वाकली, की दाबाची रेषा आणखी सरकते, म्हणून ती आणखी वाकते. तेव्हा कमानीला हात लावायचा नाही. बिघाड बाकीच्यांनी सोसायचा.

बाकीचे म्हणजे कोण? एक, कमानीच्या पाठीवरचे खांब, ज्यांच्यावर रस्ता किंवा रूळ असतात. हे पायांजवळ उंच असतात आणि माथ्याजवळ अगदी आखूड. वरचा रस्ता हलला की सगळ्यांची डोकी सारखीच सरकतात. उंच खांब बांबूसारखा लवतो. आखूड खांबाला लवता येत नाही, म्हणून सगळा जोर तो एकटा अंगावर घेतो आणि तुटतो. (आमच्या एकत्र कुटुंबात धाकट्या काकांचं हेच झालं, पण ते इथे नको.) अननुभवी माणूस पुलाचा नकाशा बघताना उंच खांबांची काळजी करतो. मुरलेला माणूस आधी माथ्याजवळचे बुटके शोधतो आणि विचारतो, यांच्या डोक्यावर सरकणारं बेअरिंग दिलंय, की रस्ता आणि कमान तिथे एकजीव केलीय? दोन्हीपैकी एक हवंच.

दुसरे, कमानीच्या दोन फासळ्यांना, म्हणजे शेजारी शेजारी उभ्या जोडकमानींना, जोडणारे तिरके दांडे. १७ जानेवारी १९९५ ला कोबे हादरल्यानंतर जपान्यांनी जुने पूल नव्यानं तपासायला घेतले, तेव्हा यातल्या काही दांड्यांच्या जागी वेगळेच दांडे बसवायची युक्ती तिथे चांगली रुजली. मधे पोलादाची पट्टी, भोवती काँक्रीट भरलेली नळी, पण पट्टी त्या काँक्रीटला चिकटू द्यायची नाही. ओढलं तर पट्टी लांबते. दाबलं तर साधा दांडा फुगून वाकला असता. इथे नळी तिला वाकू देत नाही, मग बिचारी दाबून दाबून आखूड होते. असं पुढे-मागे होताना भूकंपाची ऊर्जा ती खाते. भूकंप सरला की बोल्ट काढायचे, नवी पट्टी घालायची. असा नेमून दिलेला बळीचा बकरा.

तरीही खरं सांगायचं तर एवढ्या लांब आणि लवचिक पुलांना भूकंपापेक्षा वाराच बऱ्याचदा जास्त छळतो. ते संथ डोलतात, भूकंपाचे चटचटीत हिसके त्यांच्या अंगात पुरते उतरत नाहीत. चिनाबचा पूल ताशी २६६ किलोमीटरच्या वाऱ्यासाठी तपासलाय, ते उगीच नाही. बातम्यांत 'आठ रिश्टरचा भूकंप सोसेल' असं म्हणतात तेव्हा मात्र माझ्या कपाळावर आठी येते. पुलाला रिश्टर कळत नाही. भूकंप किती लांब, किती खोल, पायाखालचा खडक कसला, हिसके किती वेळ चालले, हे त्याला कळतं. कोयनेचा भूकंप साडेसहाच्या आसपासचाच होता, पण त्या पहाटे धरणातल्या यंत्रानं गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के इतका आडवा हिसका नोंदवला. ती नोंद पुढे जगभर वापरली गेली. एम.टेक.ला असताना मीही संगणकावर एका धरणाला तीच लावली होती. पडद्यावर काही सेकंदांची वेडीवाकडी रेघ. बराच वेळ मी तिच्याकडे नुसता बघत बसलो. माझी गोधडी हलवणारी हीच.

आणि नकाशातल्या रंगांवरही फार विसंबू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होतं.

आता इतका वेळ मी एक गोष्ट गृहीत धरून बोलतोय. पाय हलतात, पण जागचे सुटत नाहीत, ही. कमान सतत दोन्ही काठांना बाहेर रेटत असते आणि काठ तिला आत रेटत असतात. त्या रेटारेटीवर तिचं सगळं आयुष्य. आणि काठच निघून गेला तर?

१६ एप्रिल २०१६. जपानच्या क्युशू बेटावर कुमामोतो प्रांतात रात्री एक वाजून पंचवीस मिनिटांनी मोठा भूकंप झाला. दोन दिवसांपूर्वीही एक होऊन गेला होता. लोकांना वाटलं तोच मुख्य. मिनामीआसो गावाजवळ कुरोकावा नदीच्या खोल दरीवर आसो ओहाशी नावाचा पोलादी कमानीचा पूल होता, सुमारे २०६ मीटर लांबीचा, १९७०-७१ च्या वेळचा. त्या रात्री समोरच्या डोंगराची कड सुटली. सुमारे सातशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा खाली आला. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वेमार्ग गाडून तो दरीत उतरला, आणि सकाळी पूल जागेवर नव्हता. दरडीनं पूल पाडला, की काठाची जमीन आधीच सरकून पाय निसटले होते, यावर पुढे अभ्यासकांत बराच खल झाला. माझ्या लेखी दोन्हींत फरक थोडा. कमानीचं गणित चुकलं नव्हतं. गणित ज्या जमिनीवर मांडलं होतं ती जमीनच गेली होती.

त्याच कुमामोतो प्रांतात त्सुजुन नावाची एक दगडी कमान आहे, १८५४ ची. दगडी पाटच तो. पलीकडच्या कोरड्या पठारावर शेतीचं पाणी न्यायला बांधलेला. गाळा २८ मीटरच्या आसपास, उंची वीसेक मीटर, पोटात दगडी नळांच्या तीन ओळी, सांधे चुन्यानं भरलेले. भिंतींचे पाय खाली घेरदार फाकलेले आहेत. ती रीत कुमामोतोच्या किल्ल्याच्या तटावरून उचललेली. गावप्रमुख फुता यासुनोसुके यांनी तो बांधवून घेतला, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी ते पांढरी वस्त्रं नेसून, जवळ कट्यार ठेवून पुलावर बसले होते अशी कथा तिथे सांगतात. पूल पडला तर जगायचं नाही. (आपल्याकडे उद्घाटनाला फीत आणि कात्री ठेवतात.) २०१६ च्या भूकंपात त्सुजुनच्या नळांचे सांधे उघडले, पाणी गळायला लागलं. कमान उभी राहिली. दोन वर्षांनी, २०१८ च्या मुसळधार पावसात, तिची बाजूची भिंत थोडी ढासळली. मी ते वाचलं आणि हसलो. मोरीची तीच गत, पन्नास वर्षांच्या अंतरानं.

यावरून कुणी 'पूर्वीचं बांधकाम ते बांधकाम' असा सूर लावू नये. दोन्ही पुलांना बसलेला हादरा सारखा नव्हता, आणि त्सुजुनवर दरड आली असती तर तीही गेली असती. चीनमधला चाओचौचा पूल पाहा. इ.स. ६०५ चा, ३७ मीटरचा गाळा. १९६६ चा शिंगताईचा भूकंप त्यानं जवळून सोसला. पण मधल्या शतकांत त्याच्या शेजारी शेजारी रचलेल्या २८ कमानपट्ट्यांपैकी काही बाहेरच्या पट्ट्या पडल्या होत्याच, त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. टिकलेले जुने पूल आपल्याला दिसतात. पडलेल्यांची छायाचित्रं कुणी काढत नाही.

आसोला नवा पूल बांधताना जपान्यांनी कमान बांधली नाही. जुन्या जागेपासून सुमारे सहाशे मीटर खाली सरकून ५२५ मीटरचा पूल उभा केला. ७ मार्च २०२१ ला तो खुला झाला. जुन्या पुलाचा उरलेला तुकडा दरीच्या काठावर तसाच जपून ठेवलाय, लटकलेला.

२०१६ हे साल आपल्यालाही विसरता येणार नाही. २ ऑगस्टच्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसट्या आणि आणखी वाहनं घेऊन. तिथे भूकंप नव्हता. पण कमानीच्या दृष्टीनं पाहिलं तर पाण्यानं पाय ओढला काय आणि डोंगरानं ओढला काय. त्यानंतर वर्षभर मी जिथे जाई तिथे पुलाखाली उतरून पाया बघत असे. सासुरवाडीच्या लग्नालासुद्धा.

हे सगळं सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "मंग डोंगराचं काय केलं त्यांनी?"

बरोबर. चिनाबची कमान सर्वांना दिसते. कामाचा मोठा भाग मात्र डोंगरात गाडला गेलाय. रियासी जिल्ह्यातला तो पूल भूकंपाच्या तेव्हाच्या सर्वांत कडक, पाचव्या विभागाच्या हिशेबानं बांधलाय. खडक डोलोमाइटचा, पण एकसंध नाही; भेगाळलेला, सांध्यासांध्यांतून सुटलेला. काम होतं कोकण रेल्वेकडे, म्हणजे ज्या माणसांना रत्नागिरीच्या पावसात डोंगर कसा खाली येतो हे चांगलं ठाऊक. २००८ च्या सुमारास काम थांबलंही होतं, मार्गच बदलावा का, असा वाद झाला. उताराचं आणि पायांचं काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक माधवी लता यांनी सुमारे सतरा वर्षं पाहिलं. आधी सर्वेक्षणात दिसला तो खडक आणि खोदल्यावर भेटला तो खडक, यांचं जुळेना. तेव्हा खोदत जायचं, दिसेल त्याप्रमाणे आराखडा बदलत जायचं, ही रीत त्यांनी धरली. उताराला पायऱ्या पाडल्या, खडकात लांब पोलादी सळया खोलवर रोवल्या, भेगांत सिमेंटचा पातळ लगदा दाबानं भरला. उद्घाटनानंतर सगळीकडे त्यांचंच नाव झालं तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की कौतुकाला पात्र असलेल्या हजारोंपैकी मी एक आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते वाचून बरं वाटलं.

मग ५ एप्रिल २०२१ ला दोन्ही काठांवरून पुढे पुढे सरकत आलेल्या कमानीचे अर्धे भाग मधे एकत्र आले. तोवर ते प्रत्येक अर्धं दोरांनी मागच्या डोंगराला बांधून हवेत धरलेलं होतं. म्हणजे तोवर ती कमान नव्हतीच, दोन लटकते हात होते. तेव्हा भूकंप आला असता तर? त्याचाही हिशेब करावा लागतो. तो मी आत्याला सांगितला नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. लसणाची सालं गोळा केली. मग विचारलं, "आपली मोरी हाय का रं अजून?"

मला माहीत नव्हतं. गावी जाऊन सात वर्षं झाली होती. चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, रस्ता रुंद झाला तेव्हाच काढली की, आता तिथे सिमेंटचे पाइप टाकलेत. दगड? काही भरावात गेले, काही लोकांनी नेले. आमच्या परड्यात एक आहे, धुणं धुवायला बरा पडतो. थांब, फोटो पाठवतो.

फोटो आला. न्हाणीशेजारी, साबणाच्या पाण्यात, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला घडीव दगड. त्याचा आकारच सांगत होता, की हा भिंतीतला नव्हे, कमानीतला. मी आत्याच्या हातात फोन दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा वर सारून जवळ नेला आणि म्हणाली, "ह्यो वरचा न्हाई. वरच्यावर टाकीचं फूल व्हतं."